न हलवता

आलामिनोसला, हमरस्त्याला लागून,
दोमिंगाची खोली. पूर्वी तिथे डुकरं असत.
आता मांडण्यांवर आठशे पसरट ट्रे,
प्रत्येकावर जुनं वर्तमानपत्र, कडेनं रबर.
झाकण नको, कागदच हवा.
आतल्या जिवांना श्वास घ्यायचाय, ती म्हणते.
बातम्याही वाचायच्यात, इस्को म्हणतो.

खोबरं काढल्यावर जे सांडून जायचं
ते नारळाचं पाणी, उकळून, गाळून,
त्यात साखर. मग ॲसिड,
जिभेच्या कडा आवळतील इतकंच.
मग मागच्या खेपेतलं विरजण.
आणि मग काही नाही.
दहा दिवस काहीच न करणं,
हे खरं कष्टाचं काम.

साय धरते. आधी धुरकट पापुद्रा,
काचेवर उच्छ्वास टाकावा तसा,
मग नख रुतेल एवढी, मग अर्धं पेर.
डोळ्यांना न दिसणारे जीव हवेकडे तोंड करून
साखर खातात, मागे धागा सोडतात.
ना माग, ना धोटा, तरी कापड.
कापसात असतं तेच, लॉस बान्योसच्या बाई म्हणाल्या,
फक्त कितीतरी बारीक, आणि ओलंचिंब.
इथे त्याला म्हणतात नाता.
स्पॅनिश लोक जाताना विसरून गेलेला शब्द:
साय.

जानेवारीत आमिहान वारा सुटतो,
खोली चोवीस अंशांवर येते, जाडी निम्म्यावर.
दोमिंगा खिडक्यांना पोती लावते,
दिवे जळत ठेवते, बिलाकडे बघत नाही.
एका वर्षी साखर स्वस्त मिळाली, तिनं दुप्पट घातली.
जिवांनी खाल्ली, आणि विणायचं सोडून
नुसता आंबटपणा करत बसले.
माणसांचंही तेच, ती म्हणाली,
आणि नणंदेचं नाव घेतलं.

बाईंनी एकदा सांगितलं:
प्रयोगशाळेत आम्ही चंबू हलवत ठेवतो, रात्रंदिवस.
तिथे साय धरत नाही. गुठळ्या होतात, गोळे होतात.
आणि बऱ्याच पिढ्या अशा गेल्या की
काही जीव धागा काढणंच सोडून देतात.
मरतात का, दोमिंगानं विचारलं.
नाही हो. छान जगतात. जोमानं वाढतात.
फक्त धागा नाही.

दोमिंगाचा जोवेन कंटेनरच्या बोटीवर असतो,
आज रॉटरडॅम, परवा आणखी कुठे.
पैसे येतात. अगदी वेळेवर.

मार्चमध्ये रस्ता रुंद करायला रोलर आला.
दिवसभर जमीन थरथरत होती.
दहाव्या दिवशी सान पाब्लोचा व्यापारी
सुरी घेऊन ट्रेपाशी बसला, एक वडी कापली,
उजेडात धरली: मधे रेघ.
हललं की साय पाण्याखाली जाते,
वर नवी धरू लागते. दोन पदर, सांधा नाही.
चौकोनी तुकडे पाडले की सुटे होतात.
नको, तो म्हणाला.

तो गेल्यावर तिनं रेघा वाचल्या.
तळापासून दोन बोटं दूध-पांढरं सोडून, छे,
दोन बोटं कुठली, दोन दाण्यांएवढं: तिसरा दिवस, रोलर.
ही सगळ्याच ट्रेमध्ये.
पण दाराजवळच्या मांडणीवर आणखी एक रेघ होती,
वरच्या अंगाला, केसाएवढी.
सातव्या रात्रीची.
रोलर रात्री चालत नव्हता.

फोन वाजला होता तेव्हा, साडेतीनला.
ती अंधारात धावली होती,
कंबर मांडणीवर आदळली होती.
काळानिळा डाग अजून होता, तिनं दाबून पाहिला.

त्या मांडणीवरची एक वडी तिनं विकायच्या ढिगात टाकली नाही.
धुतली, तीन पाण्यांतून आंबटपणा काढला,
साखरेच्या पाकात शिजवली.
इस्कोनं एक तुकडा चावला. पदर दाताखाली सुटले.
काय म्हणाला होता जोवेन, त्या रात्री?

काही नाही, ती म्हणाली. जेवलीस का, विचारत होता.
मी म्हटलं, अरे, पहाट झालीय इथे.

मग नवीन ट्रेवर कागद अंथरायला उठली,
हळूच,
हात लागणार नाही अशा बेतानं.